हाउसबोटीचे साडेएकवीस हजार

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लाजायला नको. हाउसबोटीच्या खोट्या बुकिंगात २१,५०० रुपये गेले. त्यातले माझे स्वतःचे सात हजारांच्या वर, बाकीचे दोन मित्रांचे. पण पाठवले सगळे माझ्या फोनवरून, माझ्याच बोटानं, तीन हप्त्यांत, आणि प्रत्येक वेळी वर "पोचले का?" म्हणून मीच फोन करून विचारलं.

रंकाळ्यावर संध्यामठाच्या बाजूला आम्हा रिटायर लोकांचा कट्टा बसतो. एक गुळाचा अडत्या, एक एसटीचा कंडक्टर, मी आणि येतील ते. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी विषय निघाला होड्यांचा. कंडक्टरनं तारकर्लीची, कर्ली नदीतली फेरी सांगितली. अडत्यानं तापोळ्याला शिवसागरात होडीचं इंजिन बंद पडलं तेव्हा बायको दोन तास कशी बोलली नाही ते सांगितलं. मी माझ्या मामाच्या गावची काहील काढली. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला मामाचं गाव. गुऱ्हाळाची लोखंडी काहील पाण्यात सोडायची आणि तीत बसून पलीकडं वैरणीला जायचं, ही तेव्हाची आमची बोट. काहील गोल असते, तिला ना पुढं ना मागं. वल्हं मारणाऱ्याचा हात जरा चुकला की जागच्या जागी गरगर फिरते. मी आठ वर्षांचा असेन. मामी ओरडत होती, "हलू नगंस रं!" आणि मी भीतीनं तसाही हलत नव्हतो.

त्यावरून अडत्या म्हणाला, "लेका, काहिलीत बसलास, आता एकदा हाउसबोटीत बसूया की. तिघंजण जोडीनं." झालं. जानेवारी ठरला, केरळ ठरलं, बुकिंगचं काम माझ्याकडं आलं. का तर मी सरकारी माणूस, कागद बघून सही करणारा.

इथं एक कबुली द्यावी लागेल. मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. राधानगरी धरण किती टीएमसीचं असं झोपेतून उठवून विचारलं तरी ८.३६ म्हणून सांगेन, त्याच्या सात स्वयंचलित दरवाज्यांतला कितवा उघडला की पंचगंगेला किती फुगवटा येतो ते सांगेन. केरळला जायची माझी खरी ओढ बोटीची नव्हतीच. वेंबनाड तलावावर तण्णीरमुक्कम नावाचा बंधारा आहे, तो मला बघायचा होता. त्या तलावाकाठच्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. उन्हाळ्याकडं समुद्राचं खारं पाणी आत शिरून भात जळू नये म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत त्या बंधाऱ्याचे दरवाजे पाडतात. आमच्याकडं पाणी अडवायचं ते साठवायला, तिकडं अडवायचं ते आत येऊ नये म्हणून. नोकरीत असताना वाचलं होतं, तेव्हापासून डोक्यात होतं.

फोनवर एक पान सापडलं. लाकडी बोट, वर विणलेलं छप्पर, पुढं ओट्यासारखी बैठक, मागं नारळाची झाडं. तीन खोल्यांची बोट, एक रात्र, तिन्ही वेळचं जेवण, १६,५०० रुपये. दुसरीकडं दोन ठिकाणी विचारलं होतं, तिथं २४ ते २६ हजार सांगत होते. मी नाव, नंबर, गाव भरलं. पाच मिनिटांत फोन.

"अण्णा, नमस्कार! कोल्हापूरचं नाव बघून मीच फोन लावला बघा. मी बी कागलचाच की ओ."

सगळी गोष्ट खरं तर या एका वाक्यात संपते. परमुलखात आपल्या बोलीतला माणूस भेटला की आपण दार उघडून वर पाट मांडतो. मी विचारलं, कागलात कुठं? म्हणाला, "हायवेला लागूनच." आता अख्खं कागलच हायवेला लागून आहे. पण मला त्या वेळी ते उत्तर वाटलं.

त्यानं घाई केली नाही, हे लक्षात घ्या. त्यानं माझ्याकडूनच माहिती काढली. कोण कोण येणार, कुणाला गुडघ्याचा त्रास आहे, मासे कोण खातं, कोण माळकरी. दुसऱ्या फोनला "त्या माळकरी काकूंचं वेगळं भांडं ठेवायला सांगितलंय" म्हणाला. अडत्याची बायको हे ऐकून इतकी खूश झाली की आता बुकिंग बदलायची माझी छातीच नव्हती.

मी बंधाऱ्याचं विचारलं. म्हणाला, "व्हय की, बंधाऱ्यावरनंच जाती आपली बोट."

बंधाऱ्यावरून बोट! मी हसलो. पोरगं आहे, त्याला काय कळतंय म्हणून सोडून दिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत एखाद्या शाखा अभियंत्यानं असं वाक्य लिहिलं असतं तर मी फाइल परत फेकली असती.

आणखी दोन गोष्टी त्यानं सांगितल्या होत्या. रात्रभर बोट चांदण्यात फिरत राहील आणि सकाळी त्या लांबलचक सापासारख्या होड्यांची शर्यत बघायला मिळेल. दोन्ही खोट्या, आणि दोन्ही पकडता येण्यासारख्या. पण ते पुढं.

पहिला हप्ता निम्मा, ८,२५० रुपये. पैसे पाठवताना ॲपवर भलत्याच माणसाचं नाव आलं. बोटीचं नाही, कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं. विचारलं तर "आमचा अकाउंटंट हाय तो." आठवड्यानं दुसरा फोन आला की सीझन सुरू होतोय, बाकीचे आत्ताच भरले तर हजार रुपये सूट. ७,२५० गेले. तिसरा फोन निघायच्या दहा दिवस आधी. बंदर खात्याच्या परवान्याचं डिपॉझिट, माणशी हजार, उतरताना परत मिळणार. सहा हजार. परवाना म्हटल्यावर माझ्यातला कारकून उलट निर्धास्त झाला. परवाना आहे म्हणजे व्यवहार सरळ आहे! पावतीही आली. गोल शिक्का, सही, जीएसटी नंबर. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासल्या. माझी स्वतःची मी फक्त बघितली.

मिरजेहून पूर्णा एक्स्प्रेसनं एर्नाकुलम, तिथून अलेप्पी. सोबत दोन किलो भडंग आणि अडत्यानं बांधून घेतलेली गुळाची ढेप, "त्या कागलच्या पोराला". ती ढेप अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुन्नमडा जेटीवर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. फोन लागेना. बारा वाजले, फोन बंद. बायका बॅगांवर बसल्या. मी फोटो हातात घेऊन प्रत्येक बोटीचा चेहरा बघत हिंडत होतो, आणि शेवटी ती बोट सापडलीही! तीच बैठक, तेच छप्पर, पुढं तोच नक्षीचा लाकडी नाकाडा. मी जवळजवळ पळतच सुटलो. बोटीत दुसरं कुटुंब चढत होतं.

मालक भला माणूस. मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं की फोटो त्याच्याच बोटीचे, पण चोरलेले, आणि असे येणारे आम्ही पहिले नव्हतो. आम्हा सहाही जणांना त्यानं चहा पाजला. मग माझी पावती घेऊन एकेक गोष्ट समजावून दिली. मला तेव्हा शाळेत उभं केल्यासारखं झालं.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला हाउसबोटी काठाला लावतात, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. रात्रभर फिरणारी बोट असं कुणी म्हणालं की तिथंच फोन ठेवायचा. एसीसुद्धा बऱ्याच बोटींत रात्री नऊ ते सकाळी सहा एवढाच. शर्यत याच पुन्नमड्याच्या पाण्यावर होते, १९५२ पासूनची ती नेहरू ट्रॉफीची, पण ऑगस्टमध्ये, जानेवारीत नाही. प्रत्येक बोटीवर केआयव्ही या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी नंबर रंगवलेला असतो. तो मागायचा, आणि धक्क्यावरून व्हिडिओ कॉल करून बोट आणि नंबर एकत्र दाखवायला सांगायचं. खऱ्या माणसाला त्याला दोन मिनिटं लागतात. आणि परवान्याचं डिपॉझिट पाहुण्याकडून घ्यायची पद्धतच नाही, परवाना मालकाचा असतो.

बोलता बोलता त्यानं हेही सांगितलं की या बोटी, केट्टुवळ्ळम म्हणतात त्यांना, मूळच्या भात वाहायच्या. खिळा न मारता काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून केलेल्या. अडत्या त्या संकटातही फळ्यांच्या शिवणीवरून हात फिरवत विचारत होता, "आणि पाणी कसं शिरत न्हाई हो?"

नवी बोट घ्यायचे पैसे नव्हते आणि कुणाचं मनही नव्हतं. कंडक्टरच्या डोक्यातून निघालं, "सरकारी गाडी असंल की इथं पण." होती! राज्य जलवाहतूक खात्याची बोट, अलेप्पी ते कोट्टयम, अडीच तासांच्या आसपास. तिकीट कोल्हापुरात मिसळीच्या एका प्लेटला पडतं त्याहून कमी. शाळेची पोरं, मासळीच्या टोपल्या, सायकली आणि आम्ही सहाजण. कालव्याच्या दोन्ही बाजूंना शेतं पाण्यापेक्षा खाली दिसत होती. कंडक्टर सगळा वेळ तिथल्या कंडक्टरच्या पिशवीकडं बघत होता. परतीच्या वाटेवर बसनं तण्णीरमुक्कमच्या बंधाऱ्यावरून गेलो. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबी, दरवाजे पाडलेले, दोन्हीकडचं पाणी वेगवेगळं. बंधाऱ्यावरून बस जाते, बोट नाही.

गुळाची ढेप आम्ही त्या बोटमालकाला देऊन आलो होतो.

आता दुसरी फसवणूक, जी थोडक्यात हुकली. हीच मला जास्त सांगायची आहे. कोल्हापूरला आल्यावर मी रागाच्या भरात त्या पानाखाली सगळी हकीगत लिहिली, खाली माझा नंबरही दिला, "कुणी फसलं असेल तर संपर्क करा" म्हणून. दहा मिनिटांत एका बाईचा फोन. शुद्ध मराठी, अतिशय अदबीनं. "सर, आम्ही रिफंड विभागातून बोलतोय, तुमची तक्रार मिळाली." तिनं क्यूआर पाठवला, तो उघडून पिन टाका म्हणजे २१,५०० जमा होतील म्हणाली. आणि एक ॲप घ्यायला सांगितलं, ज्यातून माझी स्क्रीन तिला दिसणार होती.

मी पिन टाकायच्या बेतातच होतो. बायको पोळ्या लाटत होती. ती गेली सहा वर्षं घरातून सांडगे-पापड विकते, दारातच क्यूआर चिकटवलेला आहे.

"अहो, पैसे घ्यायला कधी पिन घालतात का? मी रोज घेते, एकदा तरी घातलाय का?"

मी म्हणालो, "अगं, ही कंपनीची पद्धत आहे." तिनं पिठाच्या हातानं फोन घेतला आणि बंद केला. स्क्रीनवर पीठ होतं, अजून त्या कव्हरच्या कडेला आहे.

दुसऱ्या दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली. तिथं पहिला प्रश्न आला, पैसे कधी गेले? मी सांगितलं, शेवटचे तीन आठवड्यांपूर्वी. पलीकडचा माणूस क्षणभर गप्प राहिला. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येतात. तीन आठवड्यांत ते किती खात्यांतून फिरले असतील कोण जाणे. जेटीवर उभा असताना फोन करायला हवा होता, मी बोटी शोधत बसलो. तरी एका खात्यात ३,२०० रुपये होल्ड झालेत. ते मिळायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं होतं. स्टेटमेंट, पावती, फोनमधल्या गप्पा, सगळं छापून फाइल केलीय. ती मात्र चांगली झालीय.

ती फाइल करतानाच पावतीवरच्या जीएसटी नंबराकडं नीट बघितलं. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, केरळचे ३२. माझ्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. पोर्टलवर टाकला तर तसला नंबरच नाही. हे तपासायला मिनिटही लागत नाही, आणि पावती माझ्याकडं महिनाभर होती.

मित्रांना त्यांचे पैसे द्यायला गेलो, घेतले नाहीत. अडत्या म्हणाला, "काहिलीत बसलो असतो तर फुकट झालं असतं." कट्ट्यावर महिनाभर मला सगळे "कागलकर" म्हणत होते.

जूनमध्ये, पाऊस नुकताच लागलेला असताना, नव्या नंबरवरून फोन आला. श्रीनगरची हाउसबोट, शिकारा, चार दिवस, खास कोल्हापूरकरांसाठी दर. आवाज मी ओळखला. म्हणाला, "अण्णा, मी बी गडहिंग्लजचाच की."

मी विचारलं, गडहिंग्लजात कुठं?

"स्टँडजवळच."

"थांबा, लिहून घेतो," म्हणालो आणि नंबर खरंच लिहून घेतला. बोटीचा नोंदणी नंबर विचारला तर फोन कट. त्याच दुपारी नातवाला बसवून संचार साथी या सरकारी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या 'चक्षू' या सोयीत तो नंबर टाकला. बायकोनं आतून विचारलं, कुणाचा फोन होता? म्हटलं, पावणं होतं.