चेक परत आला: कलम 138 की समरी सूट?

चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा ठरवणाऱ्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 चा धाक मोठा, पण मुदती कडक. बँकेचा रिटर्न मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. तक्रारीचा उशीर सबळ कारण असेल तर माफ होतो, नोटिशीचा नाही; मात्र चेकची वैधता उरली असेल तर तो पुन्हा भरून नवी नोटीस देता येते. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट मागा. नुसता मोघम एकूण आकडा लिहिल्याने प्रकरणे पडतात.

समरी सूट, म्हणजे पैसे वसुलीचा झटपट दिवाणी दावा, दाखल करायला साधारण 3 वर्षे मिळतात. प्रतिवादीला 10 दिवसांत हजर व्हावे लागते, बचावासाठी परवानगी मागावी लागते. व्यापारी वाद 3 लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची.

दोन्ही एकाच वेळी चालवता येतात. वसुली मोठी असेल तर तेच करा.