हळदीला बेंजो पार्टी की ट्रॅकवर गाणारा सिंगर?
मावसभावाच्या हळदीसाठी हाच घोळ चाललाय म्हणून लिहितोय. बेंजो पार्टी म्हणजे वाद्यं प्रत्यक्ष वाजवणारा ताफा, ट्रॅकवाला म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या संगीतावर गाणारा. रील बघून ठरवू नका, त्यातली माणसं तुमच्याकडे येतीलच असं नाही. बेंजोवाल्यांना आधीच विचारा किती जण येणार, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कच्छी ढोल नेमकं काय काय असणार, आणि ते लिहूनच घ्या. माणसं जास्त म्हणून पैसे, जेवण, टेम्पो सगळंच जास्त, पण नाचायला तोड नाही. ट्रॅकवाला स्वस्त, जागाही कमी लागते, पण ट्रॅक लावून 'लाइव्ह बँड' म्हणून विकणं मला साफ चुकीचं वाटतं, जो स्वतःहून खरं सांगतो त्यालाच घ्या. उघड्यावर स्पीकर रात्री १० ला दोघांचेही बंद. मोकळं अंगण आणि नाचणारी मंडळी असतील तर बेंजो, छोटा हॉल आणि फर्माईशी असतील तर ट्रॅकवाला.