घरातल्या पिल्लांसाठी निपल ड्रिंकर : वासावरचा खरा उपाय

कोंबडीची पिल्ले घरात वाढवताना येणाऱ्या वासावर सुगंधी फवाऱ्यांपासून पावडरींपर्यंत अनेक उपाय सुचवले जातात. माझ्याकडे मात्र वासाला सर्वांत जास्त आळा बसला तो पाण्याचे उघडे भांडे काढून त्या जागी बादलीला बसवायचे निपल ड्रिंकर, म्हणजे चोचीने पिन ढकलली की थेंब थेंब पाणी देणाऱ्या तोट्या, लावल्यावर.

विष्ठेतल्या युरिक आम्लाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. या क्रियेला ऊब आणि ओलावा दोन्ही पोषक असतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या पेटीत, सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखावेच लागते, म्हणजे ऊब कमी करण्याची सोय नाही. आवर घालता येतो तो ओलाव्याला. उघड्या भांड्यात पिल्ले पाय घालतात, भुसा उकरून उडवतात आणि भांड्याभोवतीची भुशाची गादी भिजून तिचा खपला धरतो. हा खपला उचलला की खालून डोळ्यांना झोंबणारा वास येतो, तर कोरड्या कोपऱ्यातला भुसा मुठीत घेतला तरी मोकळा सुटतो आणि त्याला वास जवळजवळ नसतो. ड्रिंकर लावल्यापासून असा खपला धरणे जवळपास थांबले.

खरेदी करताना पिन कोणत्याही बाजूने ढकलली तरी थेंब येतो ना, हे आवर्जून पाहावे, कारण फक्त वर दाबल्यावर उघडणारी पिन लहान पिल्लांना जड जाते. पिनवर बोटाने टिचकी मारून लकाकणारा थेंब दाखवला की एखादे पिल्लू चोच लावते आणि बाकीची त्याचे पाहून शिकतात. तरीही प्रत्येक पिल्लू पाणी पीत असल्याची खात्री होईपर्यंत जुने भांडे काढू नये. सुरुवातीला पिन पिल्लांच्या डोळ्यांच्या पातळीवर असावी आणि पुढे ती वाढतील तशी उंच करावी, म्हणजे पाय सपाट ठेवून मान वर ताणूनच पाणी घेता येईल. पिन खाली राहिली तर चोच बाजूने लागते आणि पाणी गादीवर सांडते.

उणिवाही आहेत. उंची बदलण्यासाठी साखळी सोबत मिळाली नाही, आणि एका निपलचे रबर नीट न बसल्याने ते सतत ठिबकत होते; वासाच्या दृष्टीने असे गळके निपल उघड्या भांड्याइतकेच वाईट. म्हणून बसवण्यापूर्वी ते रात्रभर कोरड्या कागदावर टांगून तपासावे.

ड्रिंकर आले म्हणून गादी बदलणे टळत नाही. तिच्यावर चुना टाकण्याचा सल्ला मला पटत नाही, कारण अल्कधर्मी गादीतून अमोनिया उलट अधिक सुटतो. शिवाय आपले नाक वासाला सरावते, तर पिल्ले गादीलगतच श्वास घेतात आणि अमोनियाने त्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा होते. तेव्हा वाकून गादीजवळचा वास रोज घ्यावा. बदकाच्या पिल्लांना नाकपुड्या धुण्यासाठी चोच बुडेल इतके पाणी लागते, त्यामुळे त्यांच्यासाठी हे ड्रिंकर घेऊ नये.