जुईनगरचा होम लोन एजंट: वर्षभरानंतरचा अनुभव

रेल्वेत रनिंग स्टाफमध्ये, म्हणजे धावत्या गाडीवर ड्युटी करणाऱ्यांत, असाल आणि नवी मुंबईत घर घेताय, तर ॲपवरच्या एजंटच्या नादी लागू नका. मी हार्बर लोकलवर गार्ड, कागदोपत्री ट्रेन मॅनेजर. नेरुळला सिडकोच्या इमारतीत ६० लाखांचा रीसेल फ्लॅट बघितला होता. ॲपवाल्याने पगाराची स्लिप बघून किलोमीटर भत्ता, म्हणजे गाडीवर जेवढे किलोमीटर पडतील त्याचे पैसे, सरळ उडवला आणि बेसिक-डीएवर बसेल तेवढंच कर्ज सांगितलं. वर विचारतो, फॉर्म १६ मधला आकडा स्लिपपेक्षा कमी कसा? अरे बाबा, जुन्या कर पद्धतीत या रनिंग भत्त्याचा ७० टक्के भाग, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, करमुक्त असतो. आम्ही ड्युटीची हजेरी लावतो त्या लॉबीत कालच्या पोरालाही हे ठाऊक आहे.

मग कॉलनीतल्या एकाने हा एजंट सुचवला. बसतो कुठे, तर मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. पण स्लिप वाचता येते गड्याला! सहा महिन्यांचा भत्ता लाल पेनाने गोल करून सरासरी काढली. एका महिन्यात मी रजेवर होतो, किलोमीटर पडलेच नव्हते; तर तिथे रजेचा दाखला जोडून बँकेसाठी दोन ओळींचं टिपण लिहिलं. या किमतीच्या घराला ८० टक्क्यांच्या वर कर्ज मिळत नाही आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत, हेही टोकन द्यायच्या आधीच सांगितलं. माझ्याकडून फी शून्य, त्याचं कमिशन बँक देते.

आता झेरॉक्स. आधार, पॅन, पास, सगळ्याच्या प्रती, प्रत्येक पानावर सही. लॉगिनला, म्हणजे बँकेत फाइल दाखल करताना, एक सेट, वकिलाला एक, व्हॅल्युएशनला एक, आणि 'फाइल वर गेली' की आणखी एक. पानाला तीन रुपये, दुकान मेव्हण्याचं! एकदा मी बाहेरून काढून नेल्या, तर म्हणे शाई फिकी आहे. सिडकोची एनओसी आली, घर गहाण ठेवल्याची सरकारी नोंद, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांत भरली गेली, सगळं वेळेत झालं. डोक्यात राहिली ती झेरॉक्सच.

आणि फॉर्ममध्ये गुपचूप घातलेला विमा. एकरकमी प्रीमियम, तोही कर्जातच मिळवलेला. ही मंजुरीची अट नाही, हे शाखेत विचारून मी तो खोडला. वर्षापूर्वी या एजंटचा रिव्ह्यू लिहिला, तेव्हा तिथे दोन स्टार कापले होते.

त्यातला एक परत देतोय. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर, ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आला, तरी माझा हप्ता जागेवरच. वैतागून फोन केला. कमिशन केव्हाच खिशात गेलेला माणूस उचलेल असं वाटलं नव्हतं. त्याने स्टेटमेंट मागवून दाखवलं की व्याज उतरलंय, बँकेने हप्त्याऐवजी मुदत कमी केलीय. हप्ता कमी करून मिळतो, पण झेपतोय तोवर राहू द्या, व्याज वाचेल, असं म्हणाला. पटलं.

एक काम अजून अडकलंय. मूळ कागद बँकेकडे असतात, त्यांची यादी, म्हणजे एलओडी, मागूनच घ्या आणि ओळ न् ओळ तपासा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत दिले नाहीत, तर बँकेला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. पण यादीत नाव नसलेला कागद मागणार कसा? माझ्या यादीत सिडकोचं अलॉटमेंट लेटरच नाही. शाखा म्हणते अर्ज द्या. एजंट म्हणतो, द्या, सोबत यादीची झेरॉक्स जोडा, दोन प्रती.