नदीचे जुने नकाशे स्कॅन करून घेताना: सात रस्त्याजवळील एका दुकानाची सेवा

हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेला मिळते आणि भीमा भरून वाहत असली की सीनेचे पाणी संगमाच्या वरच्या अंगाला तुंबते. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर या शिवारात नदीचा काठ पूर्वी नेमका कोठे होता, हे जुन्या नकाशांवरून ताडून पाहण्याचे काम मी हाती घेतले. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याआधीची भीमा पाहायची तर एक इंचास एक मैल (१:६३,३६०) प्रमाणाच्या जुन्या सर्वेक्षण नकाशांना आणि गावनकाशांना पर्याय नाही. हे सर्व नकाशे सोलापुरात सात रस्त्याजवळील एका दुकानातून स्कॅन करून घेतले.

स्कॅनिंगला नाव ठेवायला जागा नाही. रोलरमधून कागद ओढणाऱ्या यंत्रात जीर्ण नकाशा ताणला जातो, आणि १:६३,३६० प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर, हे ध्यानात घेतले तर तो ताण किती महागात पडतो ते कळते. येथे कापडावर डकवलेला गावनकाशा सपाट काचेवर पसरून, घड्या हाताने मोकळ्या करून ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिपला गेला. घडीवर तुटलेली नदीची रेघ, काठालगतचा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) आणि समासात कोणी पेन्सिलीने लिहिलेल्या दोन मोडी ओळी पडद्यावर मूळ कागदापेक्षा स्पष्ट दिसतात. मात्र पार्श्वभूमी पांढरीशुभ्र करून देण्याची त्यांची सवय आहे (बांधकामाच्या आराखड्यांना ते शोभते) आणि त्यात पेन्सिल आधी उडते; म्हणून ‘रंग जसाच्या तसा, टिफ फाइल’ (बारकावे न गमावता चित्र साठवणारी) असे आधीच बजावावे.

जिओरेफरन्सिंग, म्हणजे नकाशा अक्षांश-रेखांशांवर बसवून देण्याची सेवा, मात्र मी कोणाला सुचवणार नाही. जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या पृथ्वीमापनावर, म्हणजे त्यांनी ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर, आधारलेले आहेत. ते थेट डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे आजच्या जीपीएसचे मापन, मानून बसवले की आपल्या भागात शे-दीडशे मीटरांचा फरक पडतो. दुकानाने नेमके तेच केले होते. त्याहून गंभीर बाब अशी की, नकाशा जुळवण्यासाठी त्यांनी नदीचे वळण आणि संगमाचे टोक हेच स्थिर बिंदू धरले. जिचे सरकणे मोजायचे तीच नदी खुंट्यासारखी रोवून ठेवली, तर काठ कधी हललाच नाही असेच उत्तर मिळणार! ही गोष्ट दाखवल्यावर मालकांनी त्या कामाचे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. पुढे संगमेश्वराचे देऊळ आणि तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड धरून मी ते काम क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणकप्रणालीत घरीच केले.

दर वाजवी आहेत आणि नकाशा घडी न घालता नळीत गुंडाळून परत मिळतो. देताना समास कापू नयेत असे लिहूनच द्यावे, कारण प्रत्यक्ष मोजणीचे वर्ष तेथेच छापलेले असते आणि ते पुष्कळदा छपाईच्या वर्षाच्या बरेच आधीचे असते.