खिडकी बदलावी की आहे तीच सुधारावी?

नव्या काचेचा भाव विचारण्याआधी एक अगरबत्ती पेटवा. वारा असेल त्या दिवशी पंखा बंद करून ती चौकटीलगत सावकाश फिरवा. धूर जिथे आडवा पळेल, तिथे फट. धूर सरळ वर जातोय, पण दुपारी खोली तापते, तर दुखणं उन्हाचं. आणि थंडीत बंद खिडकीशेजारी बसूनही अंगावर गारवा येत असेल, तर काचेचं. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत; विकणारा मात्र बहुतेक वेळा तिसराच गळ्यात मारतो.

फटी बुजवणं सगळ्यांत स्वस्त, एका दुपारचं काम. उघडझाप करणाऱ्या झडपेला रबरी पट्टी चालते. सरकत्या खिडकीला केसाळ ब्रश-पट्टीच हवी, फोम दोन-चार वेळा सरकवल्यावर गोळा होऊन बाहेर येतो. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये सिलिकॉन भरा. ट्रॅकच्या तळाची बारीक भोकं मात्र सोडा! मी उत्साहाच्या भरात तीही बुजवली होती. पहिल्याच पावसात ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी भिंतीवरून थेट गादीवर. गॅसचा गिझर किंवा शेगडी असलेल्या खोलीत हवा येण्याची वाट बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

उन्हासाठी पडदा की काचेवर चिकटवायची ऊन अडवणारी फिल्म? दोन्हींपेक्षा बाहेरची सावली सरस. साध्या एकेरी काचेतून उन्हातली 80 टक्क्यांहून जास्त उष्णता आत येते. पडदा तापतो तो काच ओलांडून आलेल्या उन्हाने, आणि त्याची धग मग खोलीतच राहते. छज्जा, चिक किंवा बाहेरची झडप ऊन काचेपर्यंत पोचूच देत नाही. बाहेर काही लावता येत नसेल तर फिल्म. पण ती हिवाळ्यातलं हवंहवंसं ऊनही अडवते. दुहेरी काचेवर, म्हणजे मधे पोकळी ठेवून सीलबंद केलेल्या दोन काचांवर, फिल्म लावायची असेल तर ती चालते का, हे काच बनवणाऱ्याला विचारूनच. काच असमान तापून तडकू शकते.

आता काच. उष्णता किती निसटते ते यू-मूल्य सांगतं. आकडा जितका कमी तितकं बरं. एकेरी काचेचं सुमारे 5.7, साध्या दुहेरीचं 2.8 च्या आसपास, लो-ई लेप (उष्णता परत फिरवणारा अगदी पातळ थर) आणि पोकळीत हवेऐवजी आर्गॉन वायू असेल तर 1.2 च्या जवळपास. फरक पडतो तो मधल्या 12 ते 16 मिलिमीटर पोकळीमुळे, काचेच्या जाडीमुळे नव्हे.

हीच पोकळी जुन्या खिडकीच्या आतून दुसरं तावदान बसवूनही मिळते, आणि माझा कौल त्यालाच. सीलबंद दुहेरी काचेचं सील गेलं की आत धुकं साचतं, पुसता येत नाही, अख्खी काच बदलावी लागते. आतलं तावदान उघडून पुसता येतं. अंतर 100 मिलिमीटरच्या आसपास ठेवलं तर रस्त्याचा आवाजही बराच कमी होतो. भाड्याच्या घरात चिकटपट्टी आणि हेअर ड्रायरने ताणून बसवायची पारदर्शक फिल्म एक मोसम काढते, फक्त तेवढे दिवस ती खिडकी उघडायची नाही.

पूर्ण बदल कधी? लाकूड कुजलं असेल, किंवा चौकट वाकून झडप बसतच नसेल तेव्हा. तेव्हाही साधी ॲल्युमिनियमची चौकट नको. तिच्यात मधे उष्णतारोधक पट्टी नसेल, तर महागड्या काचेने वाचवलेली बरीचशी उष्णता चौकटीतून निघून जाते.