आउटबोर्डचा पंखा: घरी रंगवावा, पावडर कोटिंगला द्यावा, की उघडाच ठेवावा?

कोकण किनाऱ्यावर ज्यांच्याकडे ९.९ ते ४० अश्वशक्तीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या) इंजिनाची फायबरची बोट आहे, त्यांच्यासमोर दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस हा प्रश्न येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मालवणसारख्या ठिकाणी पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यापुरत्या वर ओढल्या जातात, इंजिन उतरवून घरी येते आणि वर्षभरात प्रथमच पंख्याकडे, म्हणजे प्रोपेलरकडे, निवांत पाहिले जाते. पात्यांच्या पुढच्या कडांवरचा रंग वाळूने घासून गेलेला असतो. उरलेल्या रंगाखाली नख घातले, तर त्याची पापडी निघते आणि तिच्याखाली पांढरी भुकटी दिसते. ही भुकटी म्हणजे खाऱ्या पाण्याने खाल्लेले अ‍ॅल्युमिनियम.

रंगाचा विचार करण्यापूर्वी पंखा रंगवण्याच्या लायकीचा आहे का, हे पाहिले पाहिजे. पाते वाकले असेल किंवा त्याच्या मुळाशी तडा असेल, तर घरचे काम तिथेच थांबते. तो पंखा वेल्डिंग आणि बॅलन्सिंग करणाऱ्या कारखान्यात जावा किंवा बदलावा. इंजिनाचा आवाज चढतो पण बोट वेग घेत नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुधा आतल्या रबरी बुशात, म्हणजे आतली नळी आणि बाहेरचे अंग जोडणाऱ्या रबरात असतो. तो ओळखण्यासाठी पंख्याच्या मागच्या बाजूला आतल्या नळीपासून बाहेरच्या अंगापर्यंत खिळ्याने एक सरळ रेघ ओढावी आणि एक फेरी मारून यावी. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले, तर बुश घसरत आहे आणि रंगावर केलेला खर्च वाया जाणार आहे.

पंखा धड असेल तर चार वाटा उरतात: स्प्रेच्या डब्याने घरी रंगवणे, दोन भाग मिसळून वापरायच्या इपॉक्सीने घरी रंगवणे, पावडर कोटिंगला देणे, किंवा काहीच न लावणे. निवड करताना रंगाच्या किमतीपेक्षा बोट रात्री कुठे असते, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

बोट रोज वाळूवर ओढली जात असेल, तर पंख्याचा शत्रू वाळू आहे. कडेवरचा रंग कोणताही असला तरी तो वर्षभरात झिजणारच, म्हणून दरवर्षी सहज पुन्हा मारता येईल असा स्वस्त रंग इथे शहाणपणाचा ठरतो. एच (etch) प्रायमरचा, म्हणजे धातूला पकडणाऱ्या आम्लयुक्त अस्तराचा, एक पातळ हात आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे तीन पातळ हात एवढे पुरते. बोट खाडीत पाण्यावरच उभी राहत असेल आणि पंखाही पाण्यात राहत असेल, तर शत्रू गंज आणि बार्नॅकल (पाण्यातल्या वस्तूंना घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) आहेत. तिथे झिंक फॉस्फेट असलेला इपॉक्सी प्रायमर दुप्पट मेहनतीचा असूनही घ्यावा, कारण त्याचा थर पाणी अधिक काळ अडवतो. खाडीतल्या बोटीचे इंजिन जर रोज वर उचलून ठेवले जात असेल आणि पंखा पाण्याबाहेर राहत असेल, तर पुन्हा स्प्रेचा डबाच पुरेसा आहे.

या दोन वाटा एकत्र करण्याचा मोह मात्र टाळावा. एच प्रायमरमध्ये आम्ल असते आणि ते धातूला पकडते. त्याच्यावर इपॉक्सी मारल्यास उरलेले आम्ल इपॉक्सीच्या घट्ट होण्यात अडथळा आणू शकते. दोन्ही चांगल्या वस्तू एकावर एक लावून अधिक चांगले काम होईल, ही समजूत इथे लागू पडत नाही.

दोन्ही रंगांचे यश पहिल्या हाताच्या आधीच्या तासावर ठरते. अ‍ॅल्युमिनियम घासून चकचकीत केले, की हवेतच त्याच्यावर ऑक्साइडचा अदृश्य थर धरू लागतो, आणि साधा रंग धातूऐवजी त्या थरावर बसतो. काही वर्षांपूर्वी मी घरात उरलेला दाराचा एनॅमल थेट घासलेल्या पंख्यावर लावला होता आणि पंधरा दिवसांत तो पापडीसारखा सुटला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी साबणाने धुऊन ग्रीस काढायचे, मग ८० नंबरच्या पॉलिशपेपरने जुना रंग, १२० आणि २२० ने ओरखडे, शेवटी ३२० ने पाण्यात घासायचे, पुन्हा थिनरने पुसायचे आणि त्यानंतर हाताचे बोटही न लावता तासाभरात प्रायमर मारायचा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण मऊ धातूत रुततात आणि तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो. कॉस्टिक सोड्याने रंग काढण्याची युक्तीही वापरू नये. सोडा अ‍ॅल्युमिनियमच खातो. बार्नॅकल पातळ व्हिनेगरने मऊ करून प्लास्टिकच्या पट्टीने काढावेत.

कोकणातली खरी अडचण हवामानाची आहे. पंखा हाताशी मोकळा असतो ते दोन महिने रंगकामासाठी सर्वांत वाईट असतात. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना, किंवा धातूचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त नसताना रंग मारू नये, हा सर्वमान्य नियम आहे, आणि जुलैतल्या पडवीत तो क्वचितच पाळता येतो. जमल्यास मेमध्येच एक दिवस काढावा. ते शक्य नसेल तर घासण्याचे काम पावसात उरकावे आणि रंगासाठी उघडीप मिळेपर्यंत थांबावे. त्या दिवशी पंखा बंद खोलीत पिवळ्या बल्बखाली दोन तास ठेवून हाताला कोमट लागेपर्यंत तापवावा, मग मोकळ्या हवेत आणून त्यावर शेवटचा पॉलिशपेपर फिरवून थिनरने पुसावा आणि लगेच प्रायमर मारावा.

पावडर कोटिंग दिसायला सर्वांत सुंदर आणि आपटण्याला सर्वांत टणक असते. खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या कारखान्यांत ते होते, पण तिथल्या भट्टीत वस्तू साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते. पंख्याचा रबरी बुश ही उष्णता सोसू शकत नाही, म्हणून बुश काढता येत असेल तरच ही वाट धरावी. शिवाय ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये अडकलेली हवा भट्टीत बाहेर पडते आणि थरावर सूक्ष्म छिद्रे राहू शकतात. एकदा थर फुटला, की घरी डागडुजी करणे कठीण जाते. या कारणांनी मी साध्या बोटीला ही वाट सुचवत नाही.

उघडा पंखा ठेवणे हाही गैर पर्याय नाही. वाळूवरच्या आणि रोज वापरातल्या बोटीत गुळगुळीत घासलेला पंखा रंगाविना एखादा हंगाम काढतो, फक्त त्याच्या जवळचा अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) झिजला की वेळेवर बदलावा लागतो. ट्रॉलरचा पितळी पंखा तर रंगवण्यापेक्षा घासून चकचकीत ठेवणेच बरे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये: बोटीच्या बुडाला लावून उरलेला तांबेयुक्त रंग अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यावर लावणे. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले, की अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. म्हणजे पंखा वाचवण्यासाठी लावलेला रंगच त्याला खातो.

आरोग्याच्या दृष्टीने स्प्रेचा डबा अधिक सोपा आहे, तरी तोही मोकळ्या हवेत आणि रंगाच्या वाफेसाठीचा मास्क लावूनच वापरावा. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगात (हा इपॉक्सीहून वेगळा) आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि ती फुप्फुसांना घातक असतात. साधा कापडी मास्क त्यांना अडवत नाही, म्हणून तो रंग घरी कधीही फवारू नये. क्रोमेटचा जुना पिवळा प्रायमर घासून उडवणेही टाळावे.

रंग लावताना आतल्या खाचा टेपने झाकाव्यात. कडेवरचे लहान खरवडे कानशीने मऊ करावेत, पण एका पात्याची कड घासली तर बाकीच्या पात्यांकडेही पाहावे. तोल पाहण्यासाठी नळीत बरोबर मध्यावर बसणारी सरळ सळई घालून ती सपाट पातळीवर ठेवलेल्या दोन सुऱ्यांच्या धारेवर टेकवावी आणि पंखा हलकेच फिरवावा. दरवेळी तेच पाते खाली येऊन थांबले, तर ते जड आहे. हा ढोबळ तपास आहे. थरथर मोठी असेल तर कारखानाच गाठावा.

पंखा परत बसवण्यापूर्वी इंजिनाची किल-स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या कळीची) दोरी आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली आहे ना, हे हाताने तपासावे. थ्रस्ट वॉशरच्या (पंख्याच्या आधी शाफ्टवर बसणाऱ्या जाड चकतीच्या) मागे तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा, गुंडाळला असल्यास तो काढावा, कारण तो सील कापतो आणि गिअर तेलात पाणी जाते. शाफ्टला ग्रीस लावावे, नट सुटू न देणारी कॉटर पिन नवीन घालावी आणि पहिल्या फेरीनंतर किनाऱ्यावर येताच नट पुन्हा एकदा पाहावा.